गोराईचा बगळा

श्यामसुंदररावांची छत्री गणपती विसर्जनाच्या आठवड्यात नाहीशी झाली, आणि तेव्हापासून बोरिवलीच्या त्या वाडीत कुणाचा कुणावर विश्वास म्हणून उरला नाही. छत्री काही साधीसुधी नव्हती. तिची मूठ बदकाच्या डोक्याची होती, बदकाला काचेचा एक डोळा होता (दुसरा कधीच पडला होता) आणि गळ्यात पितळेचं कडं होतं. ती छत्री सामायिक व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगलेली असायची. एका रविवारी खिळा राहिला आणि बदक उडालं.

लगेच छत्री चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष विद्याधरपंत. का, तर वाडीत सर्वांत निष्कलंक चारित्र्य त्यांचंच आहे असं सगळ्यांचं मत होतं, आणि विशेषतः त्यांचं स्वतःचं. फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क, घरात कांदासुद्धा मोजून मापून, आणि दर एकादशीला व्हरांड्यात उभं राहून सात्त्विक आहारावर पंधरा मिनिटं. मासळीबाजारावरून जाताना ते नाकाला रुमाल लावत आणि लोकांना धडा मिळावा म्हणून मुद्दाम सावकाश चालत. रविवार मात्र त्यांचा परोपकाराचा. सकाळी उठून ते दहिसरला भाऊ नावाच्या आजारी मित्राला भेटायला जात. हे भाऊ गेली कित्येक वर्षं आज-उद्या करत होते. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पण विद्याधरपंतांच्या बायकोनं, सुहासिनीबाईंनी, त्यांच्यासाठी लिंबाच्या लोणच्याच्या इतक्या बरण्या पाठवल्या होत्या की एवढं लोणचं खाऊन धडधाकट माणूससुद्धा आजारी पडावा.

तर अशा या निष्कलंक गृहस्थांची मृणालिनी ही धाकटी कन्या. दहावीत होती, आणि याच वर्षी तिला शोध लागला होता की आपल्याला बोलता येतं. म्हणजे आधीही येत होतं, पण वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून आपण बोललो की लोक थांबतात, असा तिचा समज झाला होता. घरात कुणी थांबत नसे, ती गोष्ट वेगळी.

दिवाळीत मामा आला आणि आपला जुना बॉक्स कॅमेरा ठेवून गेला. त्यानं स्वतःसाठी नवा, भात्याचा घेतला होता. कुणासाठी ठेवला हे काही तो बोलला नाही, आणि मोठी माणसं अशी अर्धवट बोलून जातात म्हणूनच घराघरात भांडणं होतात. मृणाल म्हणाली, माझा. तिचा मोठा भाऊ बाळ, जो इंटरला दुसऱ्यांदा बसला होता, म्हणाला, "मुलींना यंत्रातलं काय कळतं? तू रांगोळी काढ."

"तुला दोनदा इंटर कळली नाही. कॅमेरा काय कळणार रे!" मृणाल म्हणाली.

यावर व्हरांड्यात भरसभेत अप्पांनी, म्हणजे विद्याधरपंतांनी, निवाडा दिला. डिसेंबरात वाचनालयाच्या सभागृहात उपनगरातल्या हौशी लोकांचं छायाचित्र प्रदर्शन भरणार होतं. विषय होता 'आडवाटेचा निसर्ग'. मृणालला रोल मिळेल एकच. त्यातला एक फोटो जरी प्रदर्शनात भिंतीवर लागला तर कॅमेरा तिचा. नाही लागला तर बाळचा. "माझा शब्द म्हणजे शब्द!" असं म्हणून अप्पांनी खांबावर थाप मारली, आणि ते पुन्हा छत्रीच्या साक्षीदारांकडे वळले.

एक रोल म्हणजे आठ फोटो. आठ फोटो म्हणजे पुष्कळ, असं मृणालला वाटलं. तिथेच चुकलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. श्यामसुंदरराव स्वतः या क्षेत्रातले अधिकारी. गेल्या वर्षी त्यांचं 'महाबळेश्वरची पहाट' हे चित्र प्रदर्शनात लागलं होतं. नंतर कळलं की ती त्यांच्याच गॅलरीतली कुंडी होती, आणि कठडा तेवढा कापून टाकला होता. म्हणून यंदा प्रदर्शनाच्या मंडळानं नियम केला होता, की निगेटिव्ह जशी असेल तशी अख्खी छापायची. कापाकापी चालणार नाही. श्यामसुंदररावांना त्याची लाज वाटत नव्हती. उलट आपल्यामुळे कायदा झाला, असा थोडा अभिमानच होता.

"निसर्ग म्हणजे हिंस्र पाहिजे," ते म्हणाले. "कान्हेरीच्या रानात जा. तू कुठे कुठे जाणार आहेस गं?"

मृणालला हा प्रश्न आवडला नाही. यंदाही त्यांचा अर्ज होता. जागा काढून घ्यायची आणि आपण आधी जाऊन यायचं, हा डाव तिनं तिथल्या तिथे ओळखला. "वाकोल्याला," तिनं ठोकून दिलं.

"वाकोल्याला काय आहे?"

"नाला," बाळ आतून ओरडला. "डास झकास येतात तिथे. हिंस्र!"

त्या दिवसापासून मृणाल कुणालाच काही सांगेनाशी झाली. फक्त नीलाला सांगायची, कारण नीला वर्गात तिच्या शेजारी बसायची आणि डबा धरायला कुणीतरी लागतंच. पण गंमत अशी की आपण लोकांवर संशय घ्यायला लागलो की लोकही आपल्यावर घ्यायला लागतात. मुलगी पिशवी घेऊन जाते कुठे? पिशवीत असतं काय? वाडीच्या नळावर याची चर्चा सुरू झाली. एका काकूंनी तर सुहासिनीबाईंना विचारलं, "छत्रीएवढी लांब आहे का हो ती पिशवी?"

पहिली स्वारी मालाडच्या एका तळ्यावर. खंड्या बसला होता, निळाशार. मृणालनं कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घालून वरच्या भिंगात पाहिलं, आणि कळ दाबेपर्यंत पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांना वाटलं, ही आपले फोटो काढते आहे. त्या ओले पिळे उगारून उठल्या. खंड्या उडाला, म्हैस उठली. फोटो म्हशीचा आला, तोही मागून. दुसरा फोटो पळताना आपोआप निघाला.

कान्हेरीच्या वाटेवर एक माकड अगदी फोटोसाठी बसल्यासारखं बसलं होतं. पण त्याचं लक्ष नीलाच्या डब्यावर होतं आणि नीलाचं मृणालवर. त्या झटापटीत नीलाचं कोपर फार सुंदर आलं. बोरिवलीच्या मागच्या शेतात मृणाल सापाच्या कातीसाठी गुडघ्यावर बसली, तर शेतकऱ्यानं येऊन विचारलं, "मोजणी करता काय? सरकार जमीन घेणार काय?" नाही म्हटलं तर त्याला अधिकच खात्री पटली. त्यानं चार माणसं बोलावली, ती चौघं कॅमेऱ्यापुढे हात आडवे पसरून उभी राहिली, आणि कात राहिली मागे.

खरी अडचण पुढेच होती. बॉक्स कॅमेऱ्याला जवळचं तेवढं दिसतं. दहा पावलांवरचा पक्षी म्हणजे फोटोत तांदळाचा दाणा. असे दोन दाणे टिपूनही झाले होते. मृणालला हवा होता असा पक्षी, जो माणूस जवळ गेला तरी उडणार नाही. असे पक्षी दोनच, एक पिंजऱ्यातला आणि दुसरा मेलेला, असं बाळचं मत. तेव्हा नीलानंच सांगितलं की तिच्या आईची मासळीवाली खाडीपलीकडून, गोराईहून येते, आणि म्हणते की तिकडे बगळे माणसाच्या पायांत येतात.

रोलात दोन फोटो उरले होते. रविवारी "नीलाकडे संस्कृत करते" असं सांगून मृणाल निघाली. अप्पा भाऊंकडे केव्हाच गेले होते, लोणचं घेऊन.

मिठागरांच्या बांधावरून दोघी बंदरावर पोचल्या. तिथे होडीत बसायच्या आधी दारूबंदीचा शिपाई उभा. दारूबंदी आल्यापासून खाडीच्या अल्याड-पल्याड जाणारी प्रत्येक पिशवी ही बाटली आहे, असं धरूनच हे लोक चालतात.

"यात काय?"

"कॅमेरा."

"उघड."

"उघडता येत नाही. रोल आहे आत. उजेड लागला की फुकट जाईल."

"असंच सगळे सांगतात," शिपाई म्हणाला. त्यानं तो काळा डबा कानाशी हलवला, नाकाशी नेला, पुन्हा हलवला. आत रोल खुळखुळला. शिपायाच्या मिशीला आशा वाटली. "पातळ आहे काहीतरी."

"अहो, पातळ कसं असेल?" नीलाला रडूच यायला लागलं. पण मृणालला ढाल मिळालेली. तिनं तिथेच, होडीची माणसं खोळंबली असताना, प्रकाश, भिंग आणि नागरिकांचे हक्क यांवर भाषण केलं. शिपायानं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॅमेरा असेल तर माझा फोटो काढ. मग मानतो."

काय करणार? तो सावधानमध्ये उभा राहिला. मृणालनं जड अंतःकरणानं कळ दाबली. 'खट्' झालं.

"हां, आहे कॅमेरा," शिपाई खूश होऊन म्हणाला. "फोटो द्यायला विसरू नको. आणि तिकडे तिवरांत फार आत जाऊ नका. हातभट्ट्या आहेत. बेवडे पडलेले असतात."

एक फोटो उरला. आणि खाडी ओलांडेपर्यंत दोघींना होडीतला प्रत्येक माणूस बेवडा दिसू लागला.

गोराईला उतरून त्या गाव टाळून तिवरांच्या कडेनं गेल्या, कारण निसर्ग आडवाटेलाच असतो. चिखलात नीलाची एक चप्पल गेली. मग ती काढताना दुसरी गेली. शेवटी एका झोपडीची मागची बाजू दिसली, धूर निघत होता, आणि त्या झोपडीच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक पांढराशुभ्र बगळा एका पायावर उभा होता. डोळे अर्धे मिटलेले, मान वाकवलेली. जणू नुकतीच संध्या आटोपली आहे आणि आता मोक्षाची वाट पाहतो आहे.

"तो उडत का नाही गं?" नीला कुजबुजली.

"शूः!"

"आणि धूर कसला? मृणाल, भट्टी! तो बघ, बेवडा बसलाय!"

झोपडीच्या सावलीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, अंगात नुसती बंडी, मान खाली, हात तोंडाकडे. आतून बाईचा आवाज आला, "घ्या वो आनखी एक! आठवड्याची कसर भरून काडा!"

"ऐकलंस?" नीलानं मृणालचं मनगट धरलं. "आणखी एक घेतोय! चल ना, मी सांगते ना तुला!"

पण मृणालला त्या क्षणी भट्टी दिसत नव्हती, बेवडा दिसत नव्हता. पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्याच्या त्या टपाल तिकिटाएवढ्या भिंगात फक्त एक पांढरा ठिपका उभा होता. ती एक पाऊल पुढे गेली. आणखी एक. बगळ्यानं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ध्यानस्थ झाला. खट्!

त्याच क्षणी कुत्रं भुंकलं, आणि दोघी जे धावत सुटल्या ते होडीत येऊन पडल्या. नीला घरी अनवाणी पोचली आणि तिच्या आईनं तिला संस्कृतमध्ये चपला कुठे जातात असं विचारलं.

रोल धुऊन आला त्या दिवशी स्टुडिओवाल्यानं एकेक फोटो काउंटरवर मांडला. म्हैस. आभाळ आणि अंगठा. कोपर. चार शेतकरी. तांदळाचे दोन दाणे. शिपाई मात्र फारच सुरेख आला होता, मिशीचा केसन्‌केस. आणि शेवटी बगळा.

मृणाल बघतच राहिली. बगळा होता! तांदळाचा दाणा नाही, अख्खा बगळा, चोचीपासून नखांपर्यंत. मान अशी की कुणी लेखणीनं काढावी.

"मागे काय काय आलंय बघा," स्टुडिओवाला म्हणाला. "दाराला वटवाघूळ लटकलंय वाटतं. अन्‌ हा मनुष्य. कापून देऊ? मंडळाच्या नियमात बसणार नाही म्हणा."

मृणालनं नीट पाहिलं. माणूस तसा पाठमोरा, पण मान जराशी वळलेली. चेहरा हललेला. आणि बंडीच्या डाव्या खांद्यावर चौकोनी ठिगळ, फुलाफुलांचं.

ते ठिगळ तिच्या जुन्या परकराचं होतं. कोटाखाली कुणाला दिसतंय, असं म्हणून आईनंच लावलेलं.

त्या संध्याकाळी मृणालनं भात टाकला. तिला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि प्रत्येक गोष्ट आता वेगळी दिसायला लागली. रविवारी अप्पा घरी येतात ते बडीशेप चघळतच येतात. आल्या आल्या न्हाणीघरात जातात. मग दुपारभर गाढ झोपतात. भाऊंना कुणी पाहिलेलं नाही! अध्यक्ष, हेडक्लार्क, एकादशीचे वक्ते, तिचे अप्पा बेवडे होते. पकडले गेले तर तुरुंग. आणि याचा एकमेव पुरावा तिच्या भूगोलाच्या वहीत होता. तो भिंतीवर लावला तर अप्पा जातील, न लावला तर कॅमेरा जाईल.

दोन दिवस ती गप्प होती. बाळनं आईला सांगितलं, "ती बोलत नाहीये. काहीतरी गुन्हा केलाय. छत्री विचार."

तिसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर मृणालनं फोटो अप्पांपुढे ठेवला. अप्पांनी चष्मा लावला. काढला. पुसला. पुन्हा लावला.

"बगळा छान आहे," ते म्हणाले. "हा मागचा गृहस्थ कोण?"

"काय माहीत," मृणाल जमिनीकडे बघत म्हणाली. "पाठमोरा आहे."

"अर्धा चेहरा दिसतोय."

"हललाय."

"हो, हललाय." अप्पांचा आवाज बारीक झाला. "आईनं पाहिलाय?"

"नाही." मग मात्र तिला राहवलं नाही. "अप्पा, किती घेता हो?"

अप्पांनी खाली मान घातली. "चार. फार तर पाच."

"पाच!"

"लहान असतात गं. आणि आठवड्यातून एकदाच. सोडायचं मी किती वेळा ठरवलं. पण रविवार उजाडला की पाय तिकडेच वळतात."

मृणालच्या डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं. सगळं खरं होतं तर. तिनं फोटो उचलला आणि म्हणाली, "मी नाही देत हा प्रदर्शनाला. कॅमेरा बाळला द्या. पण तुम्ही ते सोडा, अप्पा."

ती फोटो फाडणार, तोच अप्पांनी तिचा हात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते सांगणं कठीण आहे. अध्यक्षपद येऊन गेलं, एकादशी येऊन गेली, आणि शेवटी मुलीचा रडवेला चेहरा तेवढा तिथे राहिला.

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. "चिखलातून जाऊन काढलास ना? माझ्या पायी तुझा कॅमेरा जाणार? दे तू. चेहरा हललाय. कुणी ओळखत नाही. आणि माझा शब्द म्हणजे शब्द." खांबावर थाप मात्र त्यांनी मारली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी 'गोराईचा बगळा' चक्क मधल्या भिंतीवर, मोठा करून लावलेला होता. मृणालला आनंद व्हायला हवा होता, पण ती फोटोकडे बघण्याऐवजी फोटोकडे बघणाऱ्यांकडे बघत होती. जरा कुणी जवळ गेलं की ती मध्ये जाऊन उभी राही. अप्पा एरवी कधी न घातलेली टोपी घालून आले होते, आणि बंडीचा प्रश्न नको म्हणून कोटाची सगळी बटणं लावून घामाघूम झाले होते. सुहासिनीबाई फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बगळा चांगला आलाय." आणि बाजूला झाल्या.

सगळं सुखरूप पार पडतंय असं वाटत असतानाच श्यामसुंदरराव आले. यंदा त्यांचं चित्र लागलं नव्हतं. त्यामुळे ते खिशात बहिर्गोल भिंग घेऊन इतरांच्या चित्रांतले दोष काढत फिरत होते. बगळ्यापुढे थांबले. भिंग बगळ्यावरून सरकलं, मागच्या माणसावरून सरकलं. मृणालनं डोळे मिटले. भिंग पुढे गेलं. दारावर थांबलं.

"हे वटवाघूळ वाटतं खरं, पण नव्हे," श्यामसुंदरराव सावकाश म्हणाले. "याला चोच आहे."

दोन-चार लोक जवळ आले.

"हे बदक आहे. एका डोळ्याचं. आणि निसर्गातल्या बदकाच्या गळ्यात पितळी कडं कुठून आलं हो? ही माझी छत्री आहे! आणि हा जो बसलाय ना पाठमोरा, हाच चोर! हा कान मी पाहिलाय. कुठे पाहिलाय? समितीत! विद्याधरपंत, जरा टोपी काढा!"

सभागृहात अशी शांतता पसरली की टाचणी पडली असती तरी तिच्यावर संशय घेतला गेला असता.

"चोर?" अप्पांचा आवाज चिरकला. आयुष्यात कचेरीची टाचणीसुद्धा घरी न आणलेला तो माणूस. "मी चोर? पाऊस आला म्हणून घेतली होती! संध्याकाळी परत ठेवणार होतो! सरूबाईकडे विसरलो! मग समितीच नेमली, अध्यक्ष मीच, परत आणायची कशी?"

"कोण सरूबाई?" तीन-चार आवाज एकदम आले, आणि ते चोरीपेक्षा फार वाईट होते. नळावरच्या काकूंनी सुहासिनीबाईंचा हात धरला. बाळच्या तोंडाचा आ झाला.

"दर रविवारी सरूबाईकडे?" श्यामसुंदरराव म्हणाले. "आणि भाऊ?"

"तसं नाही हो!" अप्पा घामानं डबडबले. "सरूबाई साठीच्या पुढची आहे! नवरा असतो तिथेच, जाळी विणत! मी तिथे... मी काही तसला... अहो, मी तिथे बोंबील खायला जातो! तळलेले बोंबील! झालं समाधान?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की बाहेर रस्त्यावर टांगा थांबला.

"बोंबील?" मृणाल किंचाळलीच. "नुसते बोंबील? अप्पा, चार-पाच बोंबील?"

"मग तुला काय वाटलं?"

तिला काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं नाही. ती अप्पांच्या गळ्यातच पडली, आणि हसता हसता रडली, की रडता रडता हसली, नीलालाही नीट सांगता येईना. आता कळलं बगळा का उडत नव्हता. अप्पा काटे मागे टाकत होते आणि तो महात्मा आपल्या वाटणीची वाट पाहत होता.

सगळे सुहासिनीबाईंकडे बघत होते. त्यांनी शांतपणे पदर सारखा केला.

"रविवारची बंडी गेली कित्येक वर्षं मी धुते," त्या म्हणाल्या. "मला काय नाक नाही?"

"म्हणजे तुला..." अप्पा पुटपुटले. "मग ते लोणचं?"

"तळलेल्याबरोबर लिंबाचं बरं लागतं, असं ऐकलं होतं. बाकी दहिसरचे भाऊ आज वारले म्हणायचे. सुतक नाही धरायचं, मित्रच तो."

कॅमेरा मृणालचा झाला. बाळनं नियमांत त्रुटी काढायचा प्रयत्न केला, पण फोटो भिंतीवर होता आणि शब्द म्हणजे शब्द. छत्री चौकशी समिती बरखास्त झाली. एकादशीचं व्याख्यान आता दहा मिनिटांचं असतं आणि त्यात नाकाला रुमाल येत नाही.

पुढच्या सोमवारी सरूबाई बोरिवलीच्या बाजारात जाताना वाटेत वाडीत आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत मासळी, आणि मासळीवर आडवी छत्री.

"कवापासून सांगते सायबास्नी, घेऊन जावा," त्या व्हरांड्यात पाटी उतरवत म्हणाल्या. "कोंबड्या भितात तिला. आन्‌ वैनी, लोनचं लय गोड होतं हां तुमचं."

श्यामसुंदररावांनी छत्री उलटसुलट तपासली, काड्या मोजल्या, बदकाचा डोळा तोच आहे याची खात्री केली आणि ती पुन्हा खिळ्याला टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल दात घासत व्हरांड्यात आली आणि तिथेच थबकली. खिळ्याखाली वाडीतली सगळी मांजरं ओळीनं बसली होती. शेपट्या गुंडाळलेल्या, माना वर, डोळे अर्धे मिटलेले, सगळ्यांचं ध्यान त्या एका बदकावर. एकही हलत नव्हतं. श्यामसुंदरराव दारात काठी घेऊन उभे होते आणि प्रत्येक मांजराकडे वेगवेगळा संशय घेऊन बघत होते.

"त्यांना हाकलू नका हं काका!" तोंडातली चूळ कशीबशी गिळून मृणाल ओरडली. "मी कॅमेरा आणते!"